डायनोसॉरच्या शेणातलं गवत

पिंपळी-बारामतीकडे कुठंही विहीर खणा, खाली काळा पाषाणच लागतो. हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्याखालचे डायनोसॉरच्या काळातले थर बघायचे तर लाव्हा संपतो तिथं, म्हणजे पार चंद्रपूर जिल्ह्यात जायला हवं.

तिथल्या डोंगरगावला १९८४ ते ८६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने (हो, आकडेमोडवाल्यांनीच!) एक सांगाडा खणून काढला. नुसतं दंडाचं हाड जवळजवळ दीड मीटर! सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. २००३ मध्ये संस्थेच्याच नावावरून तो 'इसिसॉरस' झाला.

आता एवढं धूड खात काय असेल? उत्तर हाडांत नाही, शेणात सापडलं. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला दगड झालेलं शेण मिळतं, ते याच्याच टायटॅनोसॉर गटाचं मानतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी वगैरेंनी ते तपासलं, तर आत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण! हे २००५ मध्ये छापून आलं. तोवर समज असा, की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच. गवत तसं थोडंच होतं म्हणा, बाकी झाडपाला. पण त्यात भात-बांबूचे भाऊबंद होते. आपला बारामतीचा ऊसही त्याच गवताच्या कुळातला, फक्त त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला आला नाही.