भिल्लमाडाचे खोड

२०१६ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि नारळाच्या माडाला वृक्षांच्या व्याख्येतून बाहेर काढले. तेव्हा आमच्या कचेरीत चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता. माड हे झाड की गवत? त्याला फांद्याच नाहीत, मग त्याच्या खोडाला खोड म्हणायचे का? २०१७ मध्ये माड पुन्हा कायद्यात आला आणि वाद थंडावला. पण त्या गदारोळात मला राहून राहून आठवत होता तो वेगळाच माड. आमचा रानातला भिल्लमाड.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानात तो आपसूक उगवतो. कोकणात त्याला भेरली माड म्हणतात, कुठे सुरमाड. पाने माशाच्या शेपटीसारखी, तर फुलोरा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबणारा. फळ हाताळले की खाज सुटते. लहानपणी मामांच्या गावी तो प्रसाद मी घेतलेला आहे. लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव देताना ‘युरेन्स’, म्हणजे जळजळ करणारा, हा शब्द निवडला तो उगाच नव्हे.

या झाडाची खरी गंमत मात्र खोडात आहे. बाहेरचे कवच काळे, कठीण. आत मऊ गर. कवचाचे वासे होतात, मुसळ होते, नांगराचे भाग होतात. उभे चिरून गर काढून टाकला की तयार पन्हळ मिळते. डोंगरातल्या झर्‍याचे पाणी बागायतीत आणायला पश्चिम घाटातल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अशा पन्हळी वापरल्या. खिळा नको, लोखंड नको. प्लास्टिकची नळी आली आणि पन्हळी गेल्या.

आणि तो गर? तो तर अन्न. झाड पाडून खोड फोडायचे, गर कुटायचा, पाण्यात कालवून गाळायचा. तळाशी पांढरे सत्त्व बसते, ते वाळवले की पीठ. केरळच्या डोंगरातल्या आदिवासींच्या आहारात ते आहे, श्रीलंकेत याच झाडाला कितुल म्हणतात आणि तिथेही हे पीठ खातात. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले विल्यम रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये पूर्ण छापला गेला. त्यात ते सांगतात की जुन्या झाडाचा गर उत्तम साबुदाण्याच्या तोडीचा मानतात, लोक त्याची भाकरी आणि पेज करतात, आणि दुष्काळात ही झाडे शिल्लक होती तोवर लोकांना फारशी झळ लागली नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. झाडे शिल्लक होती तोवर! कारण भिल्लमाड आयुष्यात एकदाच फुलण्याचा संसार मांडतो. पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, मग दरवर्षी खाली खाली. सर्वांत खालचा घोस पिकला की झाड मरते. खोडात साठवलेले सत्त्व या फुलण्यात खर्ची पडते. म्हणून पीठ हवे तर फुलोर्‍याच्या आधी तोडायला हवे. मामा म्हणायचे, “फुलला की आतून रिकामा झाला समज.” कोणते झाड आज तोडायचे आणि कोणते बियाण्याला राखायचे, हे ज्याला कळते त्याच्याच घरी दुष्काळात चूल पेटणार.

या झाडाच्या लेखी इतिहासात आपलाही एक धागा आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन र्‍हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ करवून घेतला. १६७८ च्या पहिल्याच खंडात हे झाड ‘चुंडपना’ या मल्याळी नावाने, चित्रासकट आहे. त्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या तीन वैद्यांचे प्रमाणपत्र छापले आहे, नागरी लिपीत आणि कोकणीत! गोव्यातून परागंदा झालेल्या कुटुंबांचे हे वंशज. परमुलखात जाऊनही झाडांची विद्या त्यांनी सोडली नव्हती.

सरकारदरबारी मात्र या झाडाची ओळख एकच, सूर. रॉक्सबर्ग यांच्या कानावर आले होते की चांगले झाड उन्हाळ्यात दिवसाला शंभर पाइंट, म्हणजे चाळीस-पन्नास लिटर सूर देते. मग कर येणारच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली ताडी-माडीच्या झाडांवर परवाने आणि कर लागले. मी कारकून माणूस, मला हे लगेच कळते : ज्यावर कर, त्याची फाईल. पन्हळीवर कर नव्हता, पिठावर नव्हता. मग त्यांची नोंद कोण ठेवणार?

आज भिल्लमाड हॉटेलांच्या बागेत शोभेला लावतात. छान दिसतो. पण खोडावर टिचकी मारून आत सत्त्व आहे की नाही हे सांगणारे मामा आता राहिले नाहीत, आणि मी ते त्यांना वेळेवर विचारले नाही. कायद्याने झाड वाचवता येते. त्याच्या खोडाची ओळख तेवढी कुणाला तरी विचारूनच घ्यावी लागते. तुमच्या घरात असे कोणी म्हातारे माणूस असेल तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ जाऊन बसा.