नकाशाचं पान आणि जमिनीचं माप

नकाशाच्या फायलीची पीडीएफ कशी होते, त्यामागचा इतिहास आज सांगायचा आहे. विषय कोरडा वाटेल, पण तो शेवटी शेताच्या बांधावर येऊन थांबतो. म्हणून यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहाराच डोळ्यासमोर ठेवू.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढच्या दशकात इथे जमीनमोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने. या पद्धतीची सुरुवात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केली होती. मोजायची साखळी 33 फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. आपण आजही गुंठ्यात बोलतो, म्हणजे त्या साखळीच्याच भाषेत बोलतो.

मोजमापांवरून गावनकाशा तयार व्हायचा. नक्कल हवी असेल तर त्यावर ट्रेसिंग कापड ठेवून रेघा गिरवायच्या. कागद दमट हवेने फुगतो, कोरड्या हवेने आक्रसतो, हे नकाशा काढणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कोपऱ्यात प्रमाणपट्टी काढायची रीत होती. कागद आक्रसला की पट्टीही तेवढीच आक्रसते, आणि माप चुकत नाही. ही पट्टी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता 1991 मध्ये येऊ. अडोबीचे जॉन वॉर्नॉक यांनी ‘कॅमेलॉट’ नावाची योजना मांडली. कोणत्याही संगणकावर, कोणत्याही छपाईयंत्रावर पान सारखंच दिसलं पाहिजे, हा तिचा हेतू. त्यातून 1993 मध्ये पीडीएफ आली आणि 2008 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. इथे वचन दिलंय ते पान सारखं *दिसण्याचं*. जमिनीला मात्र *मापही* सारखं लागतं.

हे माप टिकवायचं काम कोड लिहिणाऱ्यावर येतं. नकाशाच्या फायलीत बांधाचा प्रत्येक कोपरा हा आकड्यांची एक जोडी असतो, मीटरमधली. पीडीएफचं मूळ एकक पॉइंट, इंचाचा 72 वा भाग. 1:5000 प्रमाणात जमिनीवरचे 100 मीटर कागदावर 2 सेंटिमीटर होतात, म्हणजे साधारण 56.7 पॉइंट. प्रत्येक कोपरा या हिशेबाने पानावर मांडायचा, कोपरे रेघांनी जोडायचे आणि देवनागरी फॉन्ट फाइलमध्येच भरायचा. फॉन्ट राहिला तर दुसऱ्याच्या संगणकावर गावाचं नाव चौकोनांत दिसेल.

एक चूक हमखास होते. पीडीएफचं पान खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात, तर एसव्हीजी नावाच्या चित्रप्रकारात वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. हा फरक कोडात सांभाळला नाही तर उत्तरेचं शेत दक्षिणेला जातं. अक्षरं वेगळी लिहिलेली असतील तर ती सरळच दिसतात, त्यामुळे चूक चटकन कळतही नाही.

कोड बरोबर असला तरी एक धोका उरतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला आणि चित्र 97 टक्के झालं, असं समजा. लोहाऱ्यातल्या एखाद्या चौरस हेक्टरभर शेताची बाजू पट्टीने मोजली तर ती 100 ऐवजी 97 मीटर भरेल. क्षेत्र 591 चौरस मीटरने कमी, म्हणजे जवळपास सहा गुंठे! बांधावर भाऊबंदकी पेटायला एवढं पुरतं. वर ‘प्रमाण 1:5000’ हे अक्षर तसंच छापलेलं असतं, पण ते आता खोटं झालेलं असतं.

2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, गावनकाशेही ऑनलाइन दिसतात. सोय मोठी आहे. पण सही फाइल बदललेली नाही एवढंच सांगते, तुमच्या हातातल्या छापील कागदाचा आकार ती पाहत नाही. हद्दीचा निकाल अशा कागदावर लावायचा नसतो, त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आहे.

म्हणून कोड लिहिणाऱ्या मुलांना माझं सांगणं एकच: आकड्यातलं प्रमाण लिहा, पण शेजारी प्रमाणपट्टीही काढा. चित्र लहान झालं की तीही लहान होते. साखळी ओढणाऱ्यांना हे दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.