नांदेड-लातूरच्या घरांत मारिओ पोहोचला कसा? 'कॅसेट'वाल्या व्हिडिओ गेमची गोष्ट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मराठवाड्यातल्या अनेक घरांत एक ठरलेलं दृश्य दिसायचं. टीव्हीसमोर सतरंजी, दोन रिमोट, चार-पाच भावंडं आणि "आता माझा नंबर" यावरून भांडण. कुणाचा गेम स्वतःचा असायचा, कुणी शेजारच्यांकडून मागून तर कुणी भाड्याने आणलेला. गेम सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची.

नांदेड आणि लातूरमध्ये वाढलेल्या, आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीची कन्सोल गेमिंगशी ओळख अशी झाली. हीच पिढी आता प्लेस्टेशनच्या बातम्यांवर लक्ष ठेवते आणि रात्री मोबाइलवर पुन्हा 'कॉन्ट्रा' खेळते. पण तेव्हा घरात आलेलं ते यंत्र नेमकं काय होतं?

ते यंत्र कुणाचं होतं?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' म्हणजे 'फॅमिकॉम' हा ८-बिट कन्सोल बाजारात आणला. अमेरिकेत तो १९८५ मध्ये 'एनईएस' या नावाने गेला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला जपानमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला आणि कोजी कोंदो यांचं संगीत असलेला हा अख्खा गेम फक्त ४० किलोबाइटचा होता. आज व्हॉट्सअॅपवर येणारा साधा फोटोही त्याहून मोठा असतो.

भारतात मात्र मूळ निन्टेन्डो यंत्राचा फारसा प्रसार झाला नाही. घरोघरी पोहोचल्या त्या त्याच्या नकला. तैवान आणि चीनमधले उत्पादक फॅमिकॉमची हुबेहूब सर्किटं बनवत होते. पुढे तर सगळं काम एकाच चिपमध्ये मावू लागलं आणि यंत्र आणखी स्वस्त झालं. भारतात 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'मिताशी' अशा नावांनी ही यंत्रं विकली गेली. त्यामुळे कित्येकांनी वर्षानुवर्षं मारिओ खेळला, पण निन्टेन्डो हे नाव ऐकलंच नव्हतं.

ज्या टीव्हीवर हे गेम चालायचे, तो मात्र अनेकदा मराठवाड्यातच बनलेला असायचा. व्हिडिओकॉन ही तेव्हाच्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी. जवळच्या चितेगावात तिचा कारखाना होता.

'९९९९९९ इन १' ही काय भानगड होती?

कॅसेटवर लाखो गेम असल्याचा दावा असायचा. प्रत्यक्षात त्यात मोजकेच गेम असत आणि तेच वेगवेगळ्या नावांनी यादीत पुन्हा पुन्हा येत. कधी गेम तिसऱ्या लेव्हलपासून सुरू व्हायचा, कधी जास्त 'लाइफ' मिळायच्या. एका चिपवर अनेक गेम साठवायचे आणि मेनूत निवडलेला भाग यंत्रापुढे ठेवायचा, अशी ही सोपी युक्ती होती.

फुंकर मारल्याने खरंच गेम चालायचा का?

नाही. फॅमिकॉम पद्धतीच्या कॅसेटला ६० पिना असतात. त्यातल्या एखाद्या पिनेचा संपर्क नीट झाला नाही की पडद्यावर रंगीत चौकोन दिसतात. कॅसेट काढून पुन्हा लावताना पिना घासल्या जातात आणि संपर्क जुळतो. श्रेय मात्र फुंकरीला मिळायचं. उलट तोंडातल्या ओलाव्यामुळे पिना गंजतात. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका, असंच सांगितलं होतं.

बदकं मारणारी बंदूक आजच्या टीव्हीवर का चालत नाही?

'डक हंट'ची बंदूक काहीच सोडत नसे, ती फक्त प्रकाश पाहायची. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीतल्या प्रकाश-संवेदकाला तो चौकोन दिसला तर नेम बरोबर. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं होतं. आजचे एलसीडी आणि एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतात आणि त्यांचा प्रकाशही वेगळ्या प्रकारे उमटतो. त्यामुळे बंदूक चालत नाही.

आपला मारिओ हळू का पळायचा?

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करत, तर भारतातली 'पाल' पद्धत ५० वेळा. गेमची चाल या आकड्याला बांधलेली असल्याने पाल यंत्रावर तोच गेम साधारण १७ टक्के संथ चालायचा. लहानपणी 'कॉन्ट्रा' सहज जमायचा आणि आता इम्युलेटरवर जमत नाही, असं वाटत असेल तर दोष फक्त वयाचा नाही.

लोडशेडिंग आणि '१-१'

'सुपर मारिओ'मध्ये ८ वर्ल्ड आणि ३२ लेव्हल आहेत. पण गेम 'सेव्ह' करायची सोय नाही. शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोहोचलात आणि लाइट गेली, तर पुन्हा १-१ पासून सुरुवात. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात तासन्‌तास भारनियमन असायचं. ज्यांनी तेव्हा हे गेम खेळले, त्यांना राजकन्या सोडवण्याआधी वेळापत्रक पाहावं लागायचं.

'कॉन्ट्रा'त मात्र दिलासा होता. वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए हा क्रम दाबला की तीनऐवजी ३० लाइफ मिळायच्या. हा 'कोनामी कोड' काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रॅडियस'साठी तयार केला होता. तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच अवघड जात होता. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी हाच क्रम लिहून त्यांना आदरांजली वाहिली.

आजचा चाहता काय पाहतो?

सोनीचा प्लेस्टेशन १९९४ मध्ये आणि प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला. प्लेस्टेशन २ चे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले. त्यानंतर स्मार्टफोनवरच्या 'पब्जी'ने कन्सोलला मागे टाकलं. पण बातम्यांची भूक कायम आहे. पूर्वी लॉस एंजेलिसचं 'ई-३' प्रदर्शन ही गेमिंग जगाची जत्रा होती. डिसेंबर २०२३ मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. आता कंपन्या 'निन्टेन्डो डायरेक्ट', 'स्टेट ऑफ प्ले' असे कार्यक्रम थेट ऑनलाइन दाखवतात. त्यामुळे लातूरचा चाहता आणि टोकियोचा चाहता एकच ट्रेलर एकाच क्षणी पाहतो.

वाट पाहणं मात्र अजून सुटलेलं नाही. प्लेस्टेशन ५ काही देशांत १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. किंमत होती ४९,९९० रुपये. 'जीटीए ६'ची तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६ आणि त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२६ अशी पुढे सरकली.

जुने गेम आज कायदेशीरपणे खेळता येतात का?

काही येतात. १९८८ चा एनईएसवरचा 'कॉन्ट्रा' कोनामीच्या २०१९ च्या 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये आहे. तो संगणकावर आणि प्लेस्टेशनवर विकत घेता येतो. 'सुपर मारिओ' मात्र निन्टेन्डो स्वतःच्याच यंत्रांवर देते आणि स्विच हा कन्सोल कंपनीने भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नाही.

इम्युलेटर हे सॉफ्टवेअर वापरणं आणि गेमची फाइल इंटरनेटवरून फुकट उतरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे. गेम ४० वर्षं जुना झाला म्हणून तो मोफत होत नाही.

अडचण अशी की बहुतेक जुने गेम विकत घ्यायची सोयच उरलेली नाही. 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ८७ टक्के जुन्या गेमची ही स्थिती आहे.

माळ्यावर जुना गेम सापडला तर?

लगेच प्लगमध्ये लावू नका. आधी अडॅप्टरवरचं व्होल्टेज आणि प्लस-मायनसची बाजू यंत्रावर लिहिलेल्या खुणेशी जुळते का, ते पाहा. कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नव्या टीव्हीला अँटेनाच्या वायरऐवजी पिवळ्या-पांढऱ्या एव्ही पिनांनी जोडा.

आणि यंत्र चाललं नाही तरी ते भंगारात देण्याआधी खोका, कॅसेटवरचं लेबल आणि माहितीपत्रक यांचे फोटो काढून ठेवा. मूळ मारिओ निन्टेन्डोकडे सुरक्षित आहे. पण नावं बदललेले, लेव्हल उलटसुलट केलेले जे गेम मराठवाड्यातल्या मुलांनी प्रत्यक्षात खेळले, ते कुठल्याही कंपनीच्या यादीत नाहीत. त्यांचा पुरावा या धूळ खात पडलेल्या कॅसेटींमध्येच आहे.