एकोणीस एकांची संख्या

रत्नागिरी जिल्ह्याचा गणिताभिमान बहुधा एकाच घटनेशीं जोडला जातो. दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें सीनिअर रँग्लर झाले, आणि गणित म्हणजे परीक्षेंतील पहिला क्रमांक, ही समजूत आपल्या मनांत रुजली. त्या कीर्तीचा दुसरा, कमी परिचित वारसा आम्ही येथें सांगूं इच्छितों. त्यासाठीं प्रथम एका संख्येची ओळख करून देणें अवश्य आहे.

१ हा आंकडा एकोणीस वेळां ओळीनें लिहिला असतां होणारी संख्या अविभाज्य आहे. म्हणजे १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें तिला निःशेष भाग जात नाहीं. तिच्या भावंडांकडे पाहिलें म्हणजे यांतील नवल कळतें. ११ अविभाज्य आहे. परंतु १११ म्हणजे ३ × ३७, १११११ म्हणजे ४१ × २७१, आणि सात एकांची संख्या म्हणजे २३९ × ४६४९. एकांची गणती विभाज्य असेल तर संख्याही विभाज्यच. सहा एकांस ११ नें व १११ नें भाग जातोच. मात्र गणती अविभाज्य असूनही संख्या फुटूं शकते. केवळ रूपावरून निवाडा होत नाहीं. एकोणीस एकांस भाजक असलाच, तर त्यास ३८ नें भागून बाकी १ उरली पाहिजे, एवढा नियम हातीं लागतो. तरीही शोध १०५ कोटींपर्यंत न्यावा लागतो. विद्युत्‌गणकयंत्रें निघण्यापूर्वीं ऑस्कर हॉप यांनीं या संख्येचें अविभाज्यत्व सिद्ध केलें. तेवीस एकांची सिद्धता १९२९ सालची.

त्याच १९२९ सालीं डहाणूचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी. एस्‌सी. झाले. फर्ग्युसन कॉलेजांत असतां, १९२७ सालीं, त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें होतें. आम्ही म्हणतों तो वारसा हाच. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. याच एकांच्या ओळींचे वर्ग त्यांनीं न्याहाळले: १११ चा वर्ग १२३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. पुढें हातचे येऊं लागतात आणि ही आरास मोडते. अशा संख्यांस त्यांनीं एका रेल्वे स्टेशनावरून ‘डेम्लो’ हें नांव दिलें. पुष्कळ विद्वानांनीं हा पोरखेळ मानला. त्यांची कीर्ति दूरवर पसरली ती १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्यावर लिहिल्यानंतर.

१०३१ एकांच्या अविभाज्यत्वाची सिद्धता १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं कापरेकर निवर्तले. अशा अविभाज्य संख्या अनंत आहेत कीं नाहींत, हें अद्यापि कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. ज्यास पोरखेळ म्हटलें, त्या ओळींतच हा प्रश्न उभा आहे.

परीक्षेंतील मान मोठाच. परंतु तो मिळाला कीं परीक्षा संपते. कोंकणांतील शिक्षकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, गुणवंतांच्या यादीशेजारीं फळ्यावर एकांची एक ओळ लिहावी, आणि ती फुटते कीं नाहीं हें मुलांस शोधूं द्यावें.