एरंडोलचा कागद आणि आजची कातरलेली रद्दी

केळी-कापसाच्या नोंदी नेहमीच्याच, आज जरा जुनं लिहितो. विषय रद्दी कागदाचा आहे, पण तो शेवटी आपल्या खताच्या खड्ड्यापर्यंत येतो.

एरंडोल आणि यावल ही गावं एकेकाळी देशी कागदासाठी ओळखली जायची. आज पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. 1880 ला इंग्रज सरकारने खान्देशचं गॅझेटियर छापलं. तेव्हा जळगाव-धुळे वेगळे नव्हते, सगळा एकच जिल्हा आणि ठाणं धुळ्याला. पूर्व-पश्चिम वाटणी 1906 ला झाली. त्या गॅझेटियरात एरंडोलच्या जाड्याभरड्या कागदाची नोंद आहे, यावलच्या कागदाची अन निळीचीही आहे. पण तोवर धंदा उतरणीला लागला होता.

आता हा कागद कशाचा? आपल्या दख्खनकडच्या कागदी लोकांची रीत अशी : जुना कागद, चिंध्या, गोणपाट गोळा करायचं. फाडून भिजवायचं, कुटायचं, नदीच्या पाण्यात धुवायचं. असं बऱ्याचदा केलं की लगदा दुधासारखा व्हायचा. तो हौदात ढवळून बारीक काड्यांच्या चटईवर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. म्हणजे जुना कागद हाच नव्या कागदाचा कच्चा माल. रद्दी जाळायची चालच नव्हती.

मग हे बुडालं कसं? 1860 नंतर खान्देशात रेल्वे आली अन गिरणीचा स्वस्त कागद गावोगाव पोचला. हाताने कुटणाऱ्याचा भाव त्यापुढे टिकेना. पुढे 1934 ला गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला, हातकागद त्याच्या कामात होता. 1936 ला आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. 1940 ला पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. पण एरंडोल-यावलचा कागद काही परत उठला नाही.

आजची गोष्ट वेगळी. बँका, हापिसं मशीनने कागद बारीक कातरतात. ही कातरण पोत्यांनी निघते, अन पुष्कळदा पेटवली जाते. रद्दीवाला ती घ्यायला कुरकुर करतो, त्याला कारण आहे. कागदाची ताकद त्याच्या लांब धाग्यात. कागदी माणूस ओला करून कुटायचा, त्यात धागा सुटा व्हायचा. मशीन कोरडा कापते, त्यात धागा तुटतो. तसाही कागद पाच-सात वेळा फिरला की धागा आखूड होऊन संपतो.

पण मातीला धाग्याची लांबी लागत नाही. कागद म्हणजे नुसता कर्ब, नत्र जवळजवळ नाहीच. कर्ब-नत्राचं प्रमाण शंभराच्या वर, अन खत चांगलं कुजायला लागतं पंचवीस-तीसला एक. म्हणून एकटा कागद टाकून उपयोग नाही, शेण हवंच. उलट केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. ते पाणी कागद शोषतो, खड्डा चिकचिक होत नाही. आमच्याकडे चार पाट्या खांबाचे तुकडे, दोन पाट्या शेण, एक पाटी कातरण असं घालतो. थर देऊ नका, ओला कागद दबून पापडा होतो अन हवा कोंडते. कालवून टाका. गांडुळं ओला कागद आवडीने खातात.

काही कागद मात्र टाकायचा नाही : चकचकीत, प्लास्टिक चढवलेला, पिना असलेला. दुकानाचं ते बिल, ज्यावर नखाने ओरखडलं की काळी रेघ उठते, तेही नको. त्यावर रसायन असतं.

अजून एक. कातरायच्या आधी वाचा. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून जुनी मोडी दप्तरं गोळा केली. त्यांच्या मागे धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं, ती कागदपत्रं तिथे जपली आहेत. तुमच्याही पेटीत आजोबांच्या काळचा शेतसाऱ्याचा, वहिवाटीचा कागद असेल. तो रद्दी नाही. मोडी वाचणाऱ्याला दाखवून घ्या, फोटो काढून ठेवा. बाकीचा खुशाल खड्ड्यात जाऊ द्या, फक्त बांधावर पेटवू नका.