मैकलच्या अरण्यातील लोखंड

भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून इंग्रजांनी १८६७ साली बालाघाट जिल्हा बनविला. त्याच्या माथ्यावरील बैहरच्या पठारापासून मैकल पर्वताच्या रांगांपर्यंत पसरलेल्या सरईच्या अरण्यात लोहखनिज गाळून त्यावर पोट भरणारे अगरिया लोक राहत. त्यांच्यावर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. भट्टीतील लोहासुर आणि ज्वाळेतील अग्यासुर यांच्या जोडीला कोळशाच्या खड्ड्यातील कोयलासुर असे एक स्वतंत्र दैवत त्यांच्यात पूजिले जाते, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कारण लोहाला पोलादाचे काठिण्य देणारा कर्ब या भट्टीत वृक्षापासूनच येतो, आणि त्या वृक्षाचे ऋण या अक्षरशून्य कारागिरांनी आपल्या देवघरात मान्य केले होते.

पायांनी दाबावयाच्या कातडी भात्यांचा वारा लागला की कोळशातून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू हिरावून घेतो. कीट वितळून वाहून जाते, लोखंड मात्र न वितळता सच्छिद्र गोळ्याच्या रूपाने मागे राहते आणि तो गोळा घणाखाली ठोकून घट्ट करावा लागतो. दगडी कोळशातील गंधक लोखंडाला ठिसूळ करतो. लाकडी कोळशात तो नसल्यासारखाच. शिवाय भट्टीत चुनखडी न घातल्यामुळे खनिजातील स्फुरद लोखंडात उरतो, आणि सोळाशे वर्षे पाऊस झेलणाऱ्या दिल्लीच्या लोहस्तंभावर जो संरक्षक थर धरला आहे त्याचे श्रेय धातुशास्त्रज्ञ मुख्यतः याच द्रव्याला देतात.

वनस्पतींचे हे साहाय्य कोळशापुरते नव्हते. दक्षिणेत, म्हैसूर व सेलमकडे, बंद मुशीत लोखंडाबरोबर तरवडीच्या काटक्या आणि रुईची पाने घालून पोलाद करीत, हे युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत तलवारीच्या पाण्यासाठी रुईचा चीक, केळीची राख व ताक यांचे विधी सांगितले आहेत. बालाघाटच्या रानात विपुल मिळणाऱ्या हिरड्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाच्या गंजाशी संयोग होऊन काळा, चिवट थर बनतो. आजची गंजरोधक लेपनेही याच गुणाचा उपयोग करतात.

अगरियांची लोखंड गाळण्याची ही विद्या लयाला गेली ती गुणांच्या अभावी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारने अरण्ये राखीव केली, कोळसा पाडण्यावर निर्बंध घातले, प्रत्येक भट्टीवर पट्टी बसविली. आणि त्याच सुमारास कारखान्यांचे स्वस्त लोखंड आठवड्याच्या बाजारात आले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून भरवेलीचे मँगनीज परदेशच्या पोलाद कारखान्यांकडे रवाना होऊ लागले, तेव्हा महसुलाच्या दृष्टीने जिल्ह्याची धातुसंपत्ती म्हणजे तेवढीच ठरली. अगरियांतील पुष्कळांनी शेतमजुरी पत्करली, आणि जे ऐरणीपाशी टिकून राहिले ते बाजारातून विकत आणलेल्या लोखंडाचेच फाळ व कुऱ्हाडी घडवू लागले.