शेल स्क्रिप्टमधील संरचित डेटा

ज्या माहितीतल्या प्रत्येक घटकाचे नाव किंवा स्थान आधीच ठरलेले असते, तिला संरचित डेटा म्हणतात. सीएसव्ही तक्ता आणि जेसन मजकूर ही त्याची नेहमी भेटणारी रूपे. असा डेटा वाचणे, त्यातला हवा तो भाग वेगळा काढणे आणि पुढच्या आज्ञेच्या हाती देणे हे शेल स्क्रिप्टचे रोजचे काम आहे, पण शेलची घडण या कामासाठी झालेली नाही. शेलमधला व्हेरिएबल म्हणजे मुळात अक्षरांची माळ. बॅशच्या चौथ्या आवृत्तीत (२००९) नावाने किंमत शोधता येणारे ॲरे आले, तरी ॲरेच्या पोटात ॲरे ठेवण्याची सोय त्यात नाही. जेसनमध्ये तर अशी घडीत घडी सर्रास असते. म्हणून शेलने डेटा इकडून तिकडे न्यावा आणि त्याची फोड करण्याचे काम त्या स्वरूपाचे व्याकरण जाणणाऱ्या साधनावर सोपवावे, हेच धोरण टिकाऊ ठरते.

शेलच्या या घडणीचे मूळ युनिक्सच्या इतिहासात आहे. एका प्रोग्रामचा निकाल थेट दुसऱ्यात सोडण्याची कल्पना बेल लॅब्जमधील डग्लस मॅकिलरॉय यांची. केन टॉम्पसन यांनी १९७३ मध्ये पाइपच्या रूपात ती युनिक्समध्ये उतरवली. पाइपमधून नुसते बाइट वाहतात. ओळ म्हणजे एक नोंद आणि ठरावीक चिन्ह म्हणजे रकान्यांमधली सीमा, हा प्रोग्रामांनी आपसात पाळलेला संकेत आहे. युनिक्सच्या पासवर्ड फाइलमध्ये कोलनने तोडलेले सात रकाने असतात, आणि १९७७ मध्ये आलेली ऑक भाषा अशाच फाइलींवर पोसली गेली. हा संकेत चालतो, कारण वापरकर्त्याच्या नावात कोलन शिरू दिला जात नाही. फाइलींच्या नावांना असे कुंपण नाही. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणताही बाइट नावात चालतो, अगदी नवी ओळसुद्धा. त्यामुळे ‘एलएस’च्या ओळी मोजून फाइलींची संख्या काढणारी स्क्रिप्ट कधी तरी चुकतेच. नावे शून्य बाइटने वेगळी करण्याची ‘फाइंड’ची सोय जुनी आहे, पण पॉझिक्स मानकात ती २०२४ मध्ये आली.

खरी अडचण चूक होण्यापेक्षा ती न कळण्यात आहे. १०४,"सदाशिव पेठ, पुणे",४११०३० ही सीएसव्हीतली ओळ घ्या. स्वल्पविरामावर तोडून तिसरा रकाना मागितला, तर ‘कट’ पिनकोड न देता अवतरणचिन्ह चिकटलेले ‘पुणे"’ देते, आणि वर काम यशस्वी झाल्याचे कळवते. अवतरणातला स्वल्पविराम हा मजकुराचाच भाग, हे सीएसव्हीचे वर्णन करणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये स्पष्ट आहे. ऑकमध्ये मात्र सीएसव्ही वाचण्याचा खास पर्याय २०२३ मध्ये आला. टॅबने तोडलेला मजकूर निर्धोक वाटतो, पण तिथेही एक खड्डा आहे. बॅशची ‘रीड’ आज्ञा टॅबला मोकळ्या जागेतच धरते आणि लागोपाठच्या दोन टॅबना एकच मानते. मग नाव, वडिलांचे नाव, गाव अशा ओळीत मधला रकाना रिकामा असला, की गाव वडिलांच्या जागी जाऊन बसते. गोवा-वसईकडच्या डिसोझा आडनावाच्या रोमन लेखनात अपॉस्ट्रॉफी असते. फाइलीच्या नावात ती आली, की साधे ‘एक्सआर्ग्ज’ तिला उघडलेले अवतरण समजून अडते. निदान ते अडते तरी! देवनागरीला आणखी एक त्रास: यूटीएफ-८ मध्ये तिच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘पुणे’ बारा बाइटांचे होते, आणि ग्नू संचातले ‘कट’ वर्षानुवर्षे अक्षरे मागितली तरी बाइटच मोजत आले आहे.

जेसनसाठी स्टीफन डोलन यांनी २०१२ मध्ये आणलेले ‘जेक्यू’ या दुखण्यावरचा चांगला उपाय आहे. ते मजकूर व्याकरणानुसार वाचते, मजकूर मोडका असेल तर तसे सांगून थांबते, आणि शेलमधली किंमत ‘आर्ग’ पर्यायाने दिली, तर तिच्यातली अवतरणचिन्हे स्वतः सांभाळते. हाताने अवतरणे जोडून जेसन रचण्याला त्यामुळे काही कारणच उरत नाही. तरी जेक्यूही डोळे मिटून वापरू नये. बेरीज-वजाबाकी करताना ते अंक दशांश-संख्येच्या ६४ बिटी रूपात धरते; ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक त्यात अचूक मावत नाही, म्हणून लांबलचक ओळखक्रमांक अवतरणात ठेवणेच बरे. शिवाय त्यातून कोरा मजकूर बाहेर काढला, की तो पुन्हा नुसत्या ओळी होतो, आणि किमतीतच नवी ओळ असेल तर एका नोंदीच्या दोन होतात.

यावर पहिला आक्षेप असा, की साधा मजकूर माणसाला वाचता येतो आणि जुनी साधने त्यावर चालतात. पण जेसनही मजकूरच आहे. एका ओळीत एक जेसन नोंद असा शिरस्ता ठेवला, तर ‘हेड’, ‘टेल’, ‘स्प्लिट’ पूर्वीसारखीच चालतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतका खटाटोप करायचा, तर सरळ पायथन का नको? हिशेब गुंतागुंतीचा असेल, तर पायथनच घ्यावे. मात्र पाच प्रोग्राम एकामागून एक चालवायचे आणि मधल्या एका उत्तरातून दोन किमती उचलायच्या, एवढ्या कामाला शेल अजूनही सर्वांत आटोपशीर आहे. जेक्यू प्रत्येक यंत्रावर नसते, हेही खरे. पण त्याच्याऐवजी ‘ग्रेप’ने जेसन चाळणारी स्क्रिप्ट उत्तराची मांडणी जरा बदलली तरी तुटते, कारण मोकळ्या जागा आणि नावांचा क्रम बदलला तरी जेसनचा अर्थ तोच राहतो, हे ग्रेपला ठाऊक नसते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने (२००६) पाइपमधून मजकुराऐवजी वस्तूच वाहू दिल्या, पण बाहेरचा प्रोग्राम मध्ये आला की तिथेही सहसा मजकुराशीच गाठ पडते. म्हणून सुधारणा मुळाशी झालेली बरी. लिनक्सवर ‘आयपी’ आणि ‘एलएसबीएलके’ या आज्ञा आता मागितल्यास जेसनमध्ये उत्तर देतात. एलएसबीएलकेच्या माहितीपुस्तिकेत तर बजावलेच आहे, की पर्याय न देता मिळणारी मांडणी पुढे बदलू शकते, तेव्हा स्क्रिप्टमध्ये हवे ते रकाने नाव घेऊनच मागावेत.